कुलूपबंद खोलीतलं लॉगिन

खोटं वाटेल, पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. रविवार, भर दुपारचे तीन. आणि मामा होता कुठे? घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी!

मामा घरबसल्या दूरदूरच्या ऑफिसांचे गेटवे सांभाळतो. गेटवे म्हणजे ऑफिसचं सगळं नेट ज्यातून आत-बाहेर जातं तो डबा. तीन आठवडे सुट्टी नव्हती. पार पिट्ट्या पडला होता त्याचा. त्यात साहेबांनी बजावलेलं, "आता एक चूक, की नोकरी गेली."

या कामात एक नियम असतो. बदल करण्याआधी डब्याला सांगून ठेवायचं, 'दहा मिनिटांनी आपोआप बंद-चालू हो.' चुकलंच तर जुनी सेटिंग परत येते. हे मामाला त्याच्या आधी हेच काम करणाऱ्या सरांनी शिकवलं होतं. गेल्या वर्षी गेले ते. काम करता करता, खुर्चीतच.

त्या दुपारी मामा नेमकं तेच विसरला.

एक ओळ चुकली. एंटर दाबलं...

स्क्रीन गोठली. डब्याशी संपर्कच तुटला. स्वतःच्या हाताने स्वतःलाच दाराबाहेर काढलं होतं त्याने!

सोमवारी सकाळी आठला ऑफिस उघडणार होतं. त्याने तिथल्या वॉचमनला फोन लावला.

"दादा, सर्व्हर रूममधला एक डबा बंद-चालू कराल?"

"चावी मॅनेजरकडे आहे. आणि मी कशाला? आत तुमचा माणूस बसलाय की!"

"कुठला माणूस?"

"कीबोर्डची टकटक येतेय केव्हाची. बाहेरून कुलूप लावून कोंडलंत होय बिचाऱ्याला?"

मामा काही बोलणार, इतक्यात...

डबा आपोआप बंद-चालू झाला. जुनी सेटिंग परत!

आत कोण लॉगिन आहे, ते मामाने पाहिलं. दोन नावं. एक त्याचं. दुसरं थेट डब्याला केबल लावून आलेलं...

सरांचं.

सर गेल्यावर ते खातं मामाने स्वतः पुसलं होतं.

शेवटचं बटण दाबून किती वेळ झाला, तेही तिथे दिसतं. शून्य सेकंद... शून्य सेकंद... शून्य सेकंद.

सोमवारी मॅनेजरने कुलूप काढलं. खोली रिकामी. केबलही नाही.

नोकरी वाचली. नाव मात्र यादीत तसंच.

"मग तोडून टाक ना ते लॉगिन!" मी म्हटलं.

मामाने चष्मा काढून डोळे चोळले. "तोडलं होतं गं एकदा. लगेच वॉचमनचा फोन. तुमचा माणूस आतून दार वाजवतोय म्हणे. विचारतोय... झालं ना काम, आता घरी जाऊ का?"

मामाने काय उत्तर दिलं, ते तो सांगत नाही.

नाव आजही यादीत आहे.