तळघरातली रेघ

सोन्याची बारीक तार ओढून तोडायची, तिच्या दोन टोकांमध्ये एकच रेणू अडकवायचा आणि त्यातून वीज जाते का ते बघायचं, एवढंच माझं काम. टोकं आणखी लांब नेली की रेणूचा पूल तुटतो, पडद्यावरची रेघ खाली पडते. पूल तुटला तरच रिडिंग धरतात. नाहीतर ती साधी तारच होती, असं कुणीही म्हणेल.

विद्यापीठाच्या तळघरात तो माझा शेवटचा दिवस. बाळंतपणाच्या रजेत मागं पडले होते. एक स्वच्छ रिडिंग मिळालं नाही, तर उद्यापासून मशीन दुसऱ्या गटाला आणि माझी पीएचडी तिथंच संपली. मोबाइल दाराबाहेर ठेवायचा नियम आहे. माझा ॲप्रनच्या खिशात होता. सात महिन्यांची अमृता उस्मानपुऱ्यात सासूबाईंजवळ, नाक चोंदलेलं.

दुपारी बाराला रेघ पायरीवर, म्हणजे एका रेणूच्या पातळीवर, येऊन थांबली. एरवी पूल क्षणभर टिकतो. हा वीस मिनिटं टिकला. माझे गाइड राजकुमार सर खुर्ची ओढून बसले.

"कमाल आहे, सुलेखा."

रेघ सपाट नव्हती. हलकेच वर, हलकेच खाली. मधेच अडखळायची, मग पुन्हा वर. ही लय मला पाठ होती. अमृताच्या छातीवर नजर ठेवूनच तर मी दिवस काढते.

कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"आई, अमृता?"

"झोपलीय. तू तुझं मशीन सांभाळ. चार पोरं वाढवलीत मी."

"पोटावर हात ठेवा ना तिच्या. श्वास मोजा, मोठ्यानं."

"लई वहमी बाई तू. घे. एक... दोन... तीन..."

प्रत्येक आकड्याला पडद्यावरची रेघ वर उचलली जात होती.

"तोड आता," सर म्हणाले.

"नको, सर."

"तोडल्याशिवाय कोण मानंल?" बटण त्यांनीच दाबलं.

टोकं लांब गेली. रेणूच्या दुप्पट. दहापट.

रेघ पडली नाही.

"अकरा... बारा..."

शंभरपट. तार असती तरी तुटली असती.

रेघ तशीच.

सर उभे राहिले, हसायला लागले. "हे जगात कुणाकडं नाही. मशीन आता कुठं जात नाही, सुलेखा. तुझंच."

मीही हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा पाठ सरळ झाली. फोन कानाला लावून सांगणार होते, आई, जमलं.

"मोजू का अजून?" त्या आधीच बोलल्या. "पोरगी हसतीय झोपंत. पण दोन्ही मुठी आवळल्यात बघ. हात दोहीकडं ताणलेत, कुणी ओढल्यावानी. सोडंना मात्र."