माशांची तोंडं

पाण्याखाली दिशा कळेनाशी झाली तर आधी माशांची तोंडं बघा, हे नीदिया गेली बावीस वर्षं बुडी मारायला बोटीवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आली होती. मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून राहतो. कोझुमेल बेटापाशी पाणी दक्षिणेकडून उत्तरेला धावतं, म्हणून इथल्या माशांची तोंडं दक्षिणेला. नीदियाचा फार थोड्या गोष्टींवर विश्वास होता. माशांवर होता.

त्या सकाळी बोटीवर पाहुणे चारच होते. कॅनडाहून आलेल्या दोन बहिणी, पाण्यात सराईत. आणि मेरिदाहून आलेले एवेलिओ मास्तर व त्यांची बायको अंपारो. अंपारोबाई पाण्यात उतरणार नव्हत्या. सावलीत बसून त्या सुईने काहीतरी विणत होत्या आणि मधूनमधून नवऱ्याची खेचत होत्या.

"तीस वर्षं पोरांना सापोचं चित्र दाखवलं यांनी," त्या म्हणाल्या. "खरा सापो एकदाही बघितला नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर हे बुडी मारणं शिकून घेतलंय. केस गेले, पण हौस काही जात नाही."

"हौस डोक्यावर उगवत नाही, अंपारो," मास्तर म्हणाले.

"आता खाली जाऊन माशांचाच वर्ग घेतील बघा. 'सगळ्यांनी इकडे बघायचं!'" त्यांनी नवऱ्याचा आवाज काढला. सुकाणूवर बसलेला गास्पार खो खो हसला. गास्पार हा नीदियाचा थोरला दीर, बोट त्याची.

सापो हा या बेटाच्या कपारींत राहणारा दाढीवाला, पट्ट्यापट्ट्यांचा मासा. दिवसा बिळातून तोंडाखेरीज काही बाहेर काढत नाही. नीदियानेही तो अख्खा असा कधी पाहिला नव्हता.

उतरायच्या वेळी अंपारोबाईंनी तिचं मनगट धरलं. थट्टा संपली होती.

"यांना परत आणाल ना?"

"आणते." असा शब्द ती कधी कोणाला देत नसे. तोंडातून निघून गेला.

"आणि तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे. तुमच्याकडे कोण बघतं?"

"माझ्याकडे काय बघायचंय, बाई!" नीदिया हसली आणि पाठीवर पाण्यात पडली.

खाली अठरा मीटरवर प्रवाळाच्या भिंतीचा काठ लागला. काठापलीकडे तळ नव्हता, नुसती गर्द निळाई. हातपाय न हलवता चौघं प्रवाहाबरोबर वाहू लागली. एक कासव स्पंज चावत बसलं होतं. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते आणि त्यांचा करकर आवाज सगळीकडून येत होता. मास्तर नवशिके होते, पण शांत होते. नीदियाला थोडं हायसं वाटलं.

एका कपारीखाली पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा नेहमी असायचा. आजही होता. फक्त चौघं शेजारून जात असताना त्यांची तोंडं दक्षिणेला नव्हती. ती या चौघांकडे होती.

भोवरा असेल, असं तिला वाटलं. तिने पाण्यात हात धरून पाहिला. प्रवाह रोजचाच होता. थवा मागे पडल्यावर तिने वळून पाहिलं, तर आता ते उत्तरेला तोंड करून उभे होते. पाणी त्यांच्या शेपटांवर आदळत होतं. मासा असं करत नाही. त्याला तसा श्वासच नीट घेता येत नाही.

सापोचं बीळ आलं. तिने आत उजेड टाकला. बीळ रिकामं. पुढचंही रिकामं. तिसऱ्यातही नुसती वाळू होती. "नाहीये" अशी खूण करायला ती वळली.

बहिणी होत्या. मास्तर नव्हते.

वर बुडबुडे नव्हते. मागे नव्हते, पुढेही नव्हते. हरवलेल्या माणसाला एक मिनिट शोधायचं आणि वर जायचं, असा नियम आहे. नीदियाने घड्याळ लावून एक मिनिट शोधलं. मग अंगठ्याने 'वर जा' अशी खूण करून बहिणींना वर पाठवलं. आपणही जायला हवं, हे तिला कळत होतं. वर सावलीत एक बाई विणत बसली होती.

तेवढ्यात करकर थांबली.

पोपटमासे कुरतडायचे थांबले होते. ते काठावर उभे होते, शेपूट वर आणि तोंड खाली. त्यांच्या पलीकडचे मोठे करडे मासेही तसेच. दृष्टी पोचेल तिथवर एकूण एक मासा भिंतीच्या खाली एकाच जागी तोंड करून होता.

बावीस वर्षं ती लोकांना हेच सांगत आली होती. तिने डोकं खाली केलं आणि निघाली.

पंचवीस मीटर. तीस. पाणी थंड झालं. प्रत्येक थवा तिला पुढची वाट दाखवत होता.

छत्तीस मीटरवर भिंतीत वाळूचा एक ओटा होता. मास्तर तिथे गुडघे टेकून बसले होते. त्यांच्या कमरेचा पट्टा मागच्या खडकात अडकला होता.

त्यांच्या समोर मासे होते. लहान पुढे, मोठे मागे, रांगा करून. बाराकुडा बोटभर माशांच्या शेजारी उभा होता. कोणी कोणाला खात नव्हतं. आणि सर्वांत पुढे वाळूवर सापो होते. सात. बिळाबाहेर, अख्खे, पिवळे पर पसरून.

सगळे मास्तरांकडे बघत होते.

नीदियाने बघणं सोडून दिलं. मास्तरांच्या हवेचा काटा तांबड्यात होता. तिने सुरीने पट्टा कापला, आपली जादा नळी त्यांच्या तोंडात दिली आणि त्यांना छातीशी घट्ट धरलं. मासे दोन्ही बाजूंना सरकले. जायला वाट झाली.

पाच मीटरवर थांबावं लागलं. तिथे थांबल्याशिवाय वर येता येत नाही. एकदाच तिची नजर खाली गेली. निळाईत सगळी तोंडं वर होती. त्यानंतर तिने फक्त बोटीचा तळ पाहिला. इतकी सुंदर वस्तू तिने जन्मात पाहिली नव्हती.

बोटीवर अंपारोबाईंनी आधी नवऱ्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मग त्याला मिठी मारली. "मेला असतात तर मी कोणाशी भांडले असते?" असं म्हणत त्या हुंदके देत होत्या. नीदियाही रडली आणि रडतानाच हसली. शब्द पाळला गेला होता. गास्पारने तिखट लावलेल्या संत्र्याच्या फोडी वाटल्या, आणि त्या सगळ्यांना अमृतासारख्या लागल्या.

"पाण्याने एकदम खाली ओढलं," मास्तर म्हणाले. "पट्टा अडकला. घाबरलो. मग ते एकेक करून आले, आणि भीती गेली. वाटलं, हे बघतायत तोवर मला काही होत नाही."

"खोल गेलं की डोकं फिरतंच, मास्तर," गास्पार म्हणाला. "मी चाळीस मीटरवर मेलेल्या आजीशी गप्पा मारल्यात. ती मला लग्न कर म्हणत होती."

सगळे हसले. नीदियानेही ते कारण आनंदाने पदरात घेतलं. पिवळ्या पट्ट्यांचे मासे मात्र अठरा मीटरवर होते, आणि तेवढ्यावर डोकं फिरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघांना फेरीबोटीपर्यंत पोचवायला धक्क्यावर गेली. अंपारोबाईंनी विणलेली निळी टोपी तिच्या डोक्यावर घातली. "आणते म्हणालात, आणलंत," त्या म्हणाल्या आणि तिच्या गालाचा मुका घेतला.

फेरी सुटली. धक्क्याखालचं पाणी स्वच्छ होतं. पट्ट्यापट्ट्यांचे इवलेसे मासे तिथे नेहमी असतात. आज त्यांची तोंडं पश्चिमेला, फेरीकडे होती.

नीदिया काठाशी वाकून बघत राहिली. फेरी लहान होत गेली, ठिपका झाली, दिसेनाशी झाली, आणि मासे हळूहळू दक्षिणेला वळले. रोजच्यासारखे. मास्तर गेले, त्यांच्यामागे माशांचं ते बघणंही गेलं. संध्याकाळी घरी मासळीचं कालवण करू नये, एवढं तिने ठरवलं. टोपी नीट करून ती निघाली.

निघताना सवयीने तिने खाली पाहिलं.

मासे तिच्याकडे बघत होते.

ती तीन पावलं डावीकडे सरकली. तेही वळले.

"माझ्याकडे काय बघायचंय," ती पुटपुटली.

माशांच्या मागे, उन्हाने उजळलेल्या वाळूवर, सापो होता. भर दुपारी, बिळाबाहेर, अख्खा. तिच्याकडे नीट बघता यावं म्हणून की काय, तो थोडा पुढे सरकला.