ढब्बूला पापण्या फुटल्या

शाळा सुरू व्हायच्या बेतात होत्या आणि गणवेश शिवणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नव्हती. अशा दिवसांत हातचं काम टाकून जनावरांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे पालकांच्या शिव्या ओढवून घेणं. तरी ती त्या दुपारी अर्धी बाही सुईखाली तशीच सोडून निघाली, कारण ढब्बूने बरेच दिवस अन्नाचा कण तोंडात घेतला नव्हता.

ढब्बू म्हणजे तिच्या लेकीचा ॲक्सोलॉटल. पाण्यात राहणारा, सरड्याच्या अंगलटीचा, फिकट गुलाबी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे लाल तुरे आणि चेहरा असा की कायम हसतोय. अकलेचा आनंदच होता, स्वतःचीच शेपटी खाऊ समजून तिच्यावर झडप घालायचा. हा जन्मभर पिल्लूच राहतो, मोठा होतच नाही, असं दुकानदाराने सांगितलं तेव्हा लेक टाळ्या पिटत म्हणाली होती, "मग मी पण नाही होणार!"

आणि नाहीच झाली. पोरीची छाती जन्मापासून अधू. हवा आत घेताना 'गुप्' असा आवाज यायचा आणि सोडताना बारीक शिट्टी वाजायची. रात्रंदिवस तेच. सहाव्या वर्षी ती गेली. जो तो आला आणि म्हणाला, "सुटली बिचारी." लॉरी चालवणारा तिचा बापही मनाचा दगड करून तेच म्हणाला. त्याला तीन वर्षं झाली. पोरीचा त्रास संपला, या एकाच गोष्टीवर आईने ती तीन वर्षं काढली होती. दुसरं काही हाताशी नव्हतंच.

डॉक्टर तरुण होता, बोलायला मोकळा. तिने मोबाइलवर काढलेले फोटो त्याने मोठे करून पाहिले.

"तुरे कधी झडले?"

"हळूहळू आखडत गेले. शेपटीचा पडदाही गेला. अंगावर डाग आलेत. आणि सारखा वर येऊन हवा गिळतो... गुप् करून."

डॉक्टर खुर्चीत सावरून बसला. "डोळे मिचकावतो?"

"हो. कालपासून."

"ताई, या प्राण्याला पापण्याच नसतात." त्याने फोन तिच्याकडे सरकवला. "मोठा होतोय तो. लाखात एखाद्याचं होतं असं. कल्ले जातात, फुफ्फुसांवर जगायला लागतो, मग त्याला पाण्याबाहेर यायचं असतं."

"पण कशामुळे?"

"कधी पाण्यातल्या कशाने, कधी औषधाने. कधी कारण सापडतच नाही."

"मग परत लहान..."

"नाही होत. आणि असे मोठे झालेले फार जगतही नाहीत, खोटं कशाला सांगू? पाणी अगदी कमी करा, ओली माती द्या. वर झाकण वगैरे नाही ना? आता हवा मिळाली नाही तर गुदमरून जाईल."

बाई ताडकन उठली. ढब्बू सारखा काठावर चढून बाहेर पडू पाहत होता, म्हणून तिने आपल्या अकलेने टाकी काठोकाठ भरली होती. वर काच ठेवली होती आणि काच हलू नये म्हणून त्यावर कपड्यांची जड लोखंडी इस्त्री. त्याआधी तर तो वर आला की ती हातानेच त्याला खाली दाबायची. 'वेडोबा, बाहेर मरशील ना!' असं लाडाने म्हणत दाबायची.

ती धावतच घरी आली. ढब्बूला उजेड सोसत नाही म्हणून टाकीच्या खोलीला जाड पडदे होते. भर दुपारी तिथे काळोख असायचा. दार उघडताच तिला वास आला. ओल्या शेवाळाचा नव्हे, लेकीला छातीसाठी देत त्या औषधाच्या वाफेचा. ती वाफ घरात तीन वर्षांत कुणी घेतली नव्हती.

तिने इस्त्री उचलली, काच बाजूला केली. ढब्बू तळाशी उताणा पडला होता. त्याचे डोळे मिटलेले होते. नव्या पापण्यांनी, नीट, झोपलेल्या पोरासारखे.

"चुकले रे राजा..." ती रडू लागली.

गुप्.

आवाज टाकीतून आला नव्हता. तो तिच्या पाठीमागून आला आणि त्यामागोमाग बारीक शिट्टी वाजली.

ती वळली. दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या, शेवटची सहाव्या वाढदिवसाची. त्या खुणेच्या बरंच वर एक ओला हात उमटला होता. बोटांखालून पाणी ओघळत होतं. हजार पोरांची मापं घेतलेली तिची नजर आपसूक माप घेऊन मोकळी झाली. मुलगी, अंगाने बारीक, वय वर्षं नऊ.

"बाळा..." ती त्या हाताकडे सरकली. "तू... सुटली नाहीस?"

गुप्. शिट्टी. गुप्. शिट्टी.

तीन वर्षं. पाण्याखाली, याच खोलीत, आईच्या मशीनचा आवाज ऐकत. आणि वर आली की आईचा हात तिला खाली दाबत होता.

तिने कपाटाच्या तळातून वाफेचं मशीन ओढून काढलं. औषध कुठलं असणार, तिने नुसतं पाणी घातलं आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. मास्क तिने काळोखात धरला, त्या ओल्या हाताच्या जरा खाली. थंडगार काहीतरी येऊन त्याला टेकलं. पण मास्क सहा वर्षांच्या पोरीचा होता. तो तोंडाला बसेना, दोन्ही बाजूंनी वाफ वाया जाऊ लागली.

दिवस मावळताना नवरा फेरीवरून परतला. शिवणाच्या मशीनवर अर्धी बाही तशीच होती. आत बायको चौकटीपाशी उभी, हवेत मास्क धरून. हात भरून आला होता, पण ती तो खाली घेत नव्हती.

"अगं, हे काय चाललंय?"

"लहान होतो हो तिला. उद्या मोठा आणा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला, एवढंच त्याला कळलं. "ती सुटली गं," तो हळूच म्हणाला. "केव्हाच सुटली." आणि त्याने हात पुढे करून बटण बंद केलं.

घरघर थांबली. आणि चौकटीपाशी त्यालाही ऐकू आलं. गुप्. मग बारीक शिट्टी.

त्यानेच चाचपडत पुन्हा बटण शोधलं आणि मशीन चालू केलं. मग बायकोच्या दुखऱ्या हातातून मास्क काढून घेतला आणि स्वतः धरून उभा राहिला.

'सुटली' हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही. मोठा मास्क आणला, तो काही दिवस पुरला. चौकटीवरची ओल मात्र वाळत नाही, आणि दर खेपेला लॉरीवरून परतला की बापाला ती बोटभर वर सरकलेली दिसते.