पिंजराच्या शेडात पंखा

ही खरी गोष्ट आहे. पटत नसेल तर इथंच सोडा. मला तुमची वाहवा नको.

आणि ही रात्रीची नाही. माघातल्या अमावास्येची, भर दुपारची. कंग्राळीच्या आमच्या मळ्यातली.

तिथं तम्मण्णा काकाचं जुनं शेड होतं. चार खांब, वर पत्रा, बाजू उघड्या. एका अंगाला भाताचं पिंजर, म्हणजे गुरांचा पेंढा, दुसऱ्या अंगाला ट्रॅक्टर.

आणि मधे बायाक्का आत्तीची खाट.

आत्ती म्हणजे काकाची सख्खी बहीण. साखरेच्या आजारानं तिचा पाय सडला. घरात वास येतो म्हणून काकानं तिला शेडात टाकलं. ताट लांबून सरकवायचा. कुत्र्यापुढं सरकवतात तसं.

तिथंच गेली ती. जखमेत अळ्या होत्या. हे मी गाळणार नाही. तुम्हीही गाळू नका.

दिवाळी झाली आणि काकानं ते शेड पाडलं.

"आता चारी बाजूंनी पत्रा मारतो. शटर बसवतो. ट्रॅक्टरचा रोटर चोरीला जायला नको."

मंगल काकू म्हणाली, "उघडंच बांधा वो. पिंजराला वारा पायजे. कोंडलं की कुजतंय."

"तुला काय कळतंय गं शेडातलं?"

"मला न्हाय तर कुणाला? पुढचा नंबर माझाच हाय की."

हसत म्हणाली. पण तिलाही साखर. पायाचा अंगठा काळा पडत चाललेला.

काका वळला. लाईटवाल्याला म्हणाला, "आत एक पंख्याचा पॉइंट काढ रं."

पिंजराला पंखा कशाला?

शेड झालं. पिंजर भरलं. कडक वाळलेलं, मीच रचलं होतं.

थोड्याच दिवसांत वास सुटला...

कुजल्या पिंजराचा नव्हे. तो मी ओळखतो. हा मलमाचा. पुवाचा.

म्हशी तोंड लावेनात.

अमावास्येच्या दुपारी काका म्हणाला, "आत तापलंय काय बघ रं." पिंजर आतून तापलं तर खुपसलेल्या सळईचा हाताला चटका बसतो. मी लोखंडी सळई गंजीत खुपसली. बाहेर ओढली...

कोमट. माणसाच्या अंगाइतकी.

टोकाला पिवळट चिकट काहीतरी. आणि एक पांढरा केस.

मी पेंढ्या उपसल्या. आत खळगा. पाय पोटाशी घेऊन कुणी निजावं तेवढा. तळाचं पिंजर दबून मऊ झालेलं.

आणि त्याच्या शेजारी... दुसरा खळगा. कोरडा. रिकामा.

"झाक ते," काका म्हणाला. "लई पिंजर वाया गेलं."

बहिणीचं नाव नाही. पिंजर वाया गेलं! थू.

त्याच संध्याकाळी मी काकूला स्कूटरवर बसवून वडगावला माझ्या घरी आणलं. दवाखाना केला. अंगठा वाचला.

मळ्यावर मी अजून जातो. पहिला खळगा बुजला. दुसरा बुजत नाही. पेंढ्या भरल्या तरी परत पडतो.

काकू बुटकी आहे. तो खळगा चांगला लांब आहे.

काल काका आलता. चौकटीखाली वाकून दारातच थांबला. एका पायाला फडकं गुंडाळलेलं.

"खिळा लागलाय," म्हणाला. "शेडाचे पत्रे काढूया काय रं? उघडंच बरं वाटतंय."

मी श्वास धरला होता...

काकूनं त्याला आत घेतलं, पाट दिला. ताट वाढून जवळ बसली.

ताटाजवळून मीच लांब सरकलो. तो निघून गेला, तरी घरातून वास जात नाही.