मी सांगेपर्यंत हलू नकोस

रविवार उजाडला की मास्तरांच्या अंगात गाडी यायची. आठवडाभर तंत्रशाळेत पोरांना लेथ आणि वेल्डिंग शिकवायचं आणि रविवारी जुना पायजमा चढवून घराशेजारच्या शेडमध्ये स्वतःच्या गाडीखाली शिरायचं, हा त्यांचा नेम. गाडी उंच, काळी, सात जणांची. घरात माणसं तीन. त्यातली एक, म्हणजे मास्तरांची बायको, गेल्या तीन वर्षांत त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. भर उन्हात थांब्यावर उभी राहायची, पण बसनंच जायची.

त्या रविवारी काम मोठं होतं. मास्तरांनी नवे दिवे आणले होते, मागे बघायचा कॅमेरा आणला होता आणि चारही चाकांचे ब्रेक पॅड आणले होते. लेक अठरा वर्षांची झाली होती, तिला आता गाडी शिकवायची होती. लेकीला घरात सगळे चिमणी म्हणत. तिला गाडी शिकायची होती की नाही, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मास्तरांच्या घरात विचारायची पद्धत नव्हती, सांगायची होती.

दुपारपर्यंत दिवे बसले, कॅमेरा बसला, पॅड बदलून चाकंही परत चढली. उरली ती ब्रेकमधली हवा काढायची. हे काम एकट्याचं नव्हे. एकानं सीटवर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकामागे हात घालून तिथलं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक पेच, सैल करायचं, म्हणजे तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. दाबणाऱ्यानं सांगितल्याशिवाय पाय सोडायचा नाही. सोडला तर हवा पुन्हा आत, आणि सगळी मेहनत पाण्यात.

"दाब."

"धरलंय."

"सोड."

चिमणीला ही तीन शब्दांची भाषा लहानपणापासून पाठ होती. पूर्वी ती दादाच्या तोंडून ऐकू यायची. तीन वर्षांपूर्वी, अशाच एका रविवारी, दादा याच गाडीखाली चिरडून मेला. एकोणीस वर्षांचा होता.

लोकांना मास्तरांनी सांगितलं ते असं: मी घरात होतो, पोरानं मला न विचारता गाडीखालचे स्टँड काढले, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरला. आगाऊपणा नडला. लोकांना ते पटलं. जो माणूस तंत्रशाळेच्या फळ्यावर पहिल्या दिवशी 'स्टँडशिवाय गाडीखाली जाणार नाही' असं मोठ्या अक्षरात लिहून घेतो, त्याच्यावर कोण संशय घेणार?

आईलाही पटलं, आणि हेच सगळ्यात वाईट झालं. पोरगा गेल्याचं दुःख तिला होतंच, पण दुःखाहून राग मोठा होता. तिनं त्याचा फोटो कपाटात साड्यांच्या खाली घातला होता, तोही पालथा. त्याचं नाव कोणी काढलं तर म्हणायची, "त्याला माझी पर्वा असती तर शिरला असता का असा?" मेलेल्या पोरावर तीन वर्षं रुसून बसलेली आई चिमणी रोज बघत होती. आणि तिला खरं काय ते माहीत होतं.

दादा गेला त्या दिवशी चिमणी वरच्या खिडकीत केस वाळवत उभी होती. काम संपलं म्हणून मास्तरांनीच दोन्ही स्टँड ओढून काढले होते. चाक अजून चढायचं होतं. मग त्यांना एक नळी गळतेय असं वाटलं. "जा, बघ जरा." दादानं विचारलं होतं, "स्टँड लावू का परत?" मास्तर म्हणाले होते, "दोन मिनिटांच्या कामाला कसले स्टँड? नाटकं नकोत." दादा खाली गेला, नळी पाहिली आणि खालूनच म्हणाला, "झालं, बाबा. येऊ का बाहेर?" मास्तर सीटवर बसले होते. "थांब. मी सांगेपर्यंत हलू नकोस," असं म्हणून त्यांनी ब्रेकवर जोरात पाय मारला. गाडी हलली आणि जॅक निसटला.

त्या रात्री मास्तर चिमणीच्या खोलीत आले. त्यांनी तिला खिडकीत पाहिलं होतं. रडले नाहीत. पंधरा वर्षांच्या लेकीची हनुवटी दोन बोटांत धरून म्हणाले, "एक गेला. आता बाप तुरुंगात जायला हवा असेल तर बोल. आईला उघड्यावर आणायचं असेल तर बोल. तू ठरव." चिमणीनं काय ठरवायचं होतं? ती गप्प बसली आणि गप्प बसणं तिच्या अंगवळणी पडलं.

"दाब म्हटलं ना! पाय आहे की खांब? त्याला एकदा सांगितलं की पुरायचं." मास्तर मागच्या चाकाशी अर्धे गाडीखाली आडवे होऊन ओरडत होते. त्यांना जिवंत पोरीला टोचायला मेलेला पोरगा चालत असे.

"धरलंय, बाबा."

"सोड."

गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. मागचं दार वर उचललेलं, त्यामुळे आरशात फक्त दाराचा पत्रा दिसत होता. ब्रेक ऑइलचा गोडसर, घशात बसणारा वास येत होता. मध्येच फाटकाची कडी वाजली. आई बसला निघाली असेल, असं चिमणीला वाटलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. तिनं पाय पेडलवर तसाच ठेवला होता. न सांगता हलवायची तिची हिंमत नव्हती.

"दाब."

आवाज आता चाकाकडून नाही, बरोबर तिच्या सीटखालून आला. पाठीवर झोपलेल्या माणसाचा येतो तसा, छातीवर ओझं असल्यासारखा. तिनं दाबलं. पेडल सरळ तळाला गेलं, चिखलात पाय जावा तसं.

"धरलंय," ती म्हणाली.

"सोड."

तिनं पाय सैल केला, पण पेडल आपोआप वर आलं नाही. ते हळूहळू आलं, पलीकडून कोणीतरी तळवा लावून ढकलत आणल्यासारखं.

"बाबा, हे काहीतरी..."

"स्टँड लावलेत ना?"

चिमणी दचकली. "लावलेत की. तुम्हीच लावलेत मघाशी."

"नीट बघितलंस?"

"हो."

मग खालच्या पत्र्यावर नख घासल्यासारखा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला.

"त्या दिवशी... कोणी काढले होते?"

परीक्षा घेतायत, तिला वाटलं. अजून कोणाला बोललीस का, ते काढून घ्यायचंय. पण तीन वर्षं हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ती आसुसली होती. तोंडासमोर बापाचा चेहरा नव्हता, नुसतं स्टिअरिंग होतं, म्हणून तिला जमलं.

"तुम्ही," ती म्हणाली.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच नको म्हणालात ना... मी भित्री आहे. मला रोज वाटतं सांगावं. ती त्याला रोज बोल लावते आणि मी भाजी निवडत ऐकत बसते." ती रडायला लागली होती. "मला माफ करेल का हो तो?"

गाडीखालून गार हवेचा झोत तिच्या घोट्याला लागला. मग तो आवाज फार नरम झाला, लहान मुलासारखा.

"मग... येऊ का बाहेर?"

चिमणीचे अश्रू जागच्या जागी थिजले. मास्तरांनी उभ्या जन्मात कोणाची परवानगी मागितली होती?

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर मास्तर उभे होते. हातात ऑइलची नवी बाटली, कपाळावर घाम. "काय बडबडतेयस एकटी? तेल संपलं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आलो, तर तिथं ही गर्दी. अर्धा तास मोडला."

तिनं काच खाली करून सगळं सांगितलं. जीभ अडखळत होती, तरी सांगितलं. ऐकताना मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्यांनी गाडीखाली पाहिलं नाही. त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. गजांमागची तावदानं उघडी होती.

"मोठ्यानं बोललीस?" त्यांनी तिचा दंड धरून पिळला. "आई आहे घरात?"

"बाबा, खाली दादा आहे..."

"खाली कोणी नाही. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून कानात वाजतंय."

"झालं, बाबा." आवाज खालून आला. दोघांनीही ऐकला. "येऊ का बाहेर?"

मास्तरांच्या हातून बाटली निसटली आणि तेल त्यांच्या चपलांवर सांडलं. चिमणी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. एका शब्दाचं काम होतं. 'ये' एवढंच. तीन वर्षं उशिरा का होईना, बापाच्या तोंडून ते निघेल अशी तिला अगदी खरी आशा वाटली. तिची हीच चूक झाली.

मास्तरांनी घसा साफ केला आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "थांब. मी सांगेपर्यंत हलू नकोस."

"बरं," खालून आवाज आला.

त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, तक्रार नव्हती. चिमणीला वाटलं, आपण आत्ताच्या आत्ता मेलो तर बरं. तोवर मास्तर मागे धावले होते. त्यांनी जॅक थोडा चढवला, लाथेनं एक स्टँड उडवला, मग दुसरा. ते काय करतायत हे तिला कळेपर्यंत त्यांनी जॅकचा पेच सोडायला हात घातला होता.

"बाबा, तो खाली आहे!"

"म्हणूनच," मास्तर दात खात म्हणाले.

चिमणी दार उघडून जमिनीवर पालथी पडली आणि अंधारात हात लांब करून ओरडली, "ये! दादा, ये बाहेर, मी सांगते, ये!"

गाडी फुसकारा टाकत खाली आली. टायर जमिनीला टेकले आणि त्यानंतरही गाडी बोटभर दबली. मग काहीतरी गार, तेलकट, तिच्या मनगटाला घासून तिच्या अंगावरून पुढे गेलं. दिसलं काहीच नाही. मास्तर येऊन खाली वाकले, मान तिरकी करून इकडून तिकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"बघितलंस? कोणी नाही." त्यांनी तिच्या मुस्कटात एक लगावली. "हात धू. आणि आईसमोर तोंड नीट कर."

आई बसला गेलेली नव्हतीच. स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोरची खुर्ची मागे सरकवलेली होती, कोणी नुकतंच बसल्यासारखी. आईचे दोन्ही हात टेबलावर उताणे पडले होते आणि मनगटापर्यंत काळे झाले होते. गाडीला कधी बोट न लावलेल्या बाईच्या हातांवर ग्रीस होतं, कोणीतरी मळके हात तिच्या हातांत देऊन बराच वेळ बसावं तसं.

"बसा," ती मास्तरांना म्हणाली. त्यांच्याकडे तिनं पाहिलं नाही. "स्टँड कोणी काढले होते, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय असं म्हणतो तो."

"कोण तो? अगं, हिनं तुला काय भरवलं..."

"ही आत्ता आली तुमच्याबरोबर. बोला."

मास्तर बसले नाहीत. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या खुर्चीकडे. आणि तीन वर्षांत घोटून घोटून गुळगुळीत झालेलं वाक्य त्यांनी शब्दही न बदलता म्हटलं. "मी घरात होतो. पोरानं मला न विचारता काढले. आगाऊपणा नडला."

आईनं मान डोलवली. पावसाची बातमी ऐकून डोलवावी तितकीच. ती उठली, चिमणीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी घातली.

"अहो, मला काय सांगता?" ती बंद दाराला म्हणाली. "त्यालाच सांगा."

मास्तरांनी आधी हुकूम सोडला. मग दार बडवलं. मग विनवण्या केल्या, त्याही लेकीच्या नावानं. चिमणीनं कडीकडे पाहिलं. तिचा हात उठला नाही, आणि आपला हात उठत नाही याचं तिला वाईटही वाटलं नाही. आई दाराशी खाली बसली, काळे हात मांडीवर ठेवून, आणि फटीला तोंड लावून तीन वर्षांत पहिल्यांदा मायेनं बोलली.

"सावकाश विचार, राजा. मला घाई नाही."

दार बडवायचं थांबलं. आत बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते. एक आवाज शांतपणे पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, आणि तो दाराच्या खालच्या फटीतून येत होता, फरशीला गाल टेकवून बोलावं तसा. दुसरा आवाज मास्तरांचा, उभ्या माणसाचा, वरून येणारा. चिमणी ऐकत बसली. ऊन ओसरीवरून उतरलं तरी दोघांचं संपलं नव्हतं.

अंधारून आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळापासून दोन्ही आवाज फरशीलगतूनच येतायत.