नागिणीच्या तोंडातले पान

भैरवकड्याच्या पूर्व बुरुजावर तांबडे फुटले होते, खालच्या खोऱ्यातले धुके अजून अंगावरची वाकळ टाकायला तयार नव्हते, आणि नगारखान्यात पहाटेची नौबत झडत असतानाच गडाचे धनी मानसिंगराव दरेकर शिकारीचा पोशाख चढवून सदरेवर येऊन उभे राहिले. खोऱ्यातल्या नाचणीची रानडुकरांनी धूळधाण केली होती, म्हणून आज रान हाकायचे ठरले होते. साऱ्या गडाला उत्साहाचे भरते आले होते. एका माणसाच्या पोटात मात्र रात्रीपासून दुखत होते.

तो माणूस म्हणजे शिलेखान्याचा दारोगा पिलाजी बाणखेले. गडावरच्या सगळ्या हत्यारांची देखभाल त्याच्याकडे असली, तरी ‘नागीण’ नावाची लांब नळीची ठासणीची बंदूक म्हणजे त्याचा जीव की प्राण. बायकोने आजारपणात पाणी मागितले तर तो एकवेळ विसरेल, पण नागिणीला तेल द्यायचे विसरायचा नाही. कधीतरी धनी खूश होऊन ती आपल्याच पदरात टाकतील, ही आशा त्याने उराशी धरली होती. आणि काल संध्याकाळी भरल्या सदरेत मानसिंगरावांनी नागीण बहाल केली ती धारोजी वाघमोडे या तरण्या शिलेदाराला! गेल्या दसऱ्याला गडावर आलेला पोर, नेम अचूक, जीभ गोड, आणि धन्याच्या पाठीशी सावलीसारखा उभा. आम्ही घासूनपुसून ठेवायचे आणि आयत्या बिळावर नागोबा हा, असे पिलाजी मनाशी म्हणाला आणि सदरेवरून मान खाली घालून निघाला.

वाटेत त्याला गाठले मानसिंगरावांचे चुलतबंधू गोदाजीराव यांनी. गोदाजीरावांचा डोळा गडाच्या गादीवर होता आणि धारोजी ही त्या वाटेतली धोंड होती. त्यांनी पिलाजीच्या मानाची, सेवेची, झालेल्या अन्यायाची खूप हळहळ केली. मग हलकेच म्हणाले, “पिलाजी, तुम्ही काहीएक करू नका. पान वाऱ्यानेही पडते.”

पिलाजीला अर्थ विचारावा लागला नाही. भैरवकड्याचा दंडक होता की, दरवाजे मिटल्यावर गडावर बार झाला तर तो गनीम आल्याचा इशारा समजायचा. त्यामुळे शिकारीहून उशिरा परतलेली भरली बंदूक हवेत झाडून रिकामी करता येत नसे. अशा बंदुकीच्या नळीत पळसाचे पान गुंडाळून खोचत. पान दिसले की शहाण्याने समजावे, आत बार आहे. परवा धनी उशिरा परतले होते, तो बार झाडायचा राहून गेला होता, आणि नागिणीच्या तोंडात अजून पान होते.

पहाटे पिलाजीने शिलेखाना उघडला तेव्हा ते पान खाली फरशीवर पडले होते. वाऱ्याने पडले की कोणी पाडले, हे त्याने विचारले नाही. वाकून उचलायचे, एवढेच काम होते. तो वाकला नाही.

धारोजी आला, त्याच्या पायाला हात लावून म्हणाला, “काका, तुम्ही सांभाळलेली चीज आहे. डोळे झाकून घेतो.” आणि त्याने पिलाजीच्या समोरच नळीत दारू ओतली, चिंधी सारली, गोळी सोडली आणि गजाने ठासली. गज नेहमीपेक्षा वीतभर वर राहिला. पोराला नव्या बंदुकीची खोली ठाऊक नव्हती; पिलाजीला ती आपल्या तळहातासारखी ठाऊक होती. बारावर बार चढला की नळी फुटते आणि माणसाचे तोंड जागेवर राहत नाही, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिले होते. तरी तो गप्प बसला.

रानात हाकारे उठले. मानसिंगराव समोरच्या टेकाडावर, धारोजी घळीच्या तोंडाशी, आणि त्याच्या मागे वाढीव बंदुका घेऊन पिलाजी. बाजूची जाळी फोडून एक सुळेवाला नर बाहेर पडला आणि थेट पिलाजीवर आला. धारोजी दोन ढांगांत पिलाजीच्या पुढे येऊन उभा राहिला.

“काका, मागे सरा.”

त्याने नेम धरला, चाप ओढला. जामगीची जळती वात कानाशी ठेवलेल्या रंजकाच्या दारूकडे झुकली, आणि पिलाजीने झेप घेऊन आपला उजवा तळवा बंदुकीच्या कानावर, आतल्या बाराकडे विस्तव नेणाऱ्या भोकावर, दाबला. हाताखाली भडका उडाला, कातडे करपले, पण आतला बार पेटला नाही. डुक्कर धारोजीची मांडी फाडून निघून गेले.

माणसे धावली. गोदाजीराव सगळ्यांच्या आधी बोलले, की दारोग्याचा जळफळाट साऱ्या गडाला माहीत आहे, आज त्याने पोराचा घात केला. मानसिंगरावांनी नजर रोखली तेव्हा पिलाजी एवढेच म्हणाला, “सरकार, नळी उपसून पाहावी.”

आकड्याच्या गजाने एक गोळी निघाली. मग चिंधी, दारू आणि पुन्हा एक गोळी. ज्याच्या त्याच्या तोंडी पिलाजीची वाहवा सुरू झाली. ती वाहवा त्याला भाजलेल्या हाताहून जास्त झोंबली.

“सरकार, आत बार आहे हे मला पहाटेच माहीत होते,” तो म्हणाला. “पोर माझ्यासमोर भरत होता. मी बोललो नाही.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“सांगणारे सांगतात, सरकार. गप्प मी बसलो.”

बोलताना त्याची नजर कुठे गेली, ते मानसिंगरावांनी टिपले. गोदाजीरावांची रवानगी त्याच आठवड्यात घाटाखालच्या चौकीवर झाली. पिलाजीला मात्र तिथेच, घळीच्या तोंडाशी, शिक्षा व्हायची होती. असल्या अपराधाला हात तोडत. त्याने तो करपलेला हात आपण होऊन पुढे केला.

तेव्हा मांडीला शेला बांधून बसलेला धारोजी म्हणाला, “सरकार, तो हात मला बक्षीस द्यावा. यापुढे माझी बंदूक काकांनीच भरावी. दुसऱ्याने भरलेली मी घेणार नाही.”

मानसिंगरावांनी होकार दिला. पिलाजीला वाटले, हात तोडला असता तर सुटलो असतो.

पुढे धारोजीचा लौकिक वाढत गेला, त्याच्या शिकारीचे पोवाडे झाले, आणि प्रत्येक शिकारीच्या पहाटे पिलाजी आखडलेल्या बोटांनी नागिणीच्या नळीत गज सोडून तळ चाचपायचा, मगच दारू ओतायचा, आणि ती भरलेली बंदूक त्या पोराच्या हाती द्यायचा. देताना दर वेळी त्याच्या पोटात दुखायचे. म्हातारपणीही ते दुखणे थांबले नाही, पण गज सोडायचे तो एकदाही चुकला नाही.