पत्रा तापला की वाजतो

भुतं रात्री बाराला येतात असं ज्यानं ठरवलं, त्यानं आमच्या गावची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नसावी.

हे घडलं तेव्हा मी जागा होतो, शुद्धीवर होतो आणि चष्मा डोळ्यावर होता. तारीखही सांगतो. मंगळवार, ११ मे २००४. ठिकाण पदमपुरा, रेल्वे स्टेशनपासून जवळच. तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं मानावं. खोटं निघालं असतं तर मलाच सगळ्यात बरं वाटलं असतं.

माझं नाव बद्रीनाथ. आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवायचो. छंद एकच, मालगाडीचे डबे बनवायचे. खरे नव्हेत, वीतभर लांबीचे. तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, बोथट सुईनं मागून दाबून रिव्हेट उठवायचे, गेरू आणि चहाच्या पाण्यानं गंज चढवायचा. दाराची कडी तारेची, पण खरोखर लागणारी. एका डब्याला तीन महिने जायचे. माझी बायको आवडा विचारायची, इंजिन नाही तर नुसते डबे घेऊन करता काय? हौसेला मोल नसतं, मी म्हणायचो.

माझे गुरू म्हणजे सांडूमामा. नात्यातले नव्हेत. दोन गल्ल्या सोडून राहणारे रिटायर रेल्वे खलाशी. मीटरगेजच्या काळात मालडब्यांची दारं उघडण्यात आणि लावण्यात त्यांची सारी नोकरी सरली. कुठला रिव्हेट कुठं, कडी कुठल्या बाजूला पडते, सगळं त्यांच्या बोटांत होतं. रोज दुपारी जेवून ते माझ्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत येऊन बसायचे. मी कामावर असलो तरी यायचे, म्हणून एक किल्ली त्यांच्याकडे असायची. मला सख्खा मामा नव्हता. या माणसावर माझा फार जीव होता.

त्या एप्रिलात मी भंगारातून एक लोखंडी पाटी आणली. जुन्या डब्यावरची, नंबराची. ४१७. तोच नंबर मी माझ्या नव्या डब्यावर रंगवला.

मामांनी तो पाहिला... आणि हातातला चहा खाली ठेवला.

“सर, ह्यो नंबर घालू नका.”

का, ते सांगेनात. मी नंबर तसाच ठेवला. कारण न सांगता कुणी काही सांगितलं की मला आधी संशय येतो. स्वभावाला औषध नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

सकाळी मी त्या डब्याचं दार लावून, कडी घालून जायचो. संध्याकाळी येऊन बघावं तर...

कडी निघालेली. दार जरासं उघडं.

एकदा झालं तेव्हा वाटलं, आपणच विसरलो. पण पाच वेळा झालं. बाकीचे अकरा डबे जागच्या जागी. खोलीला कुलूप. किल्ल्या दोन, त्यातली एक माझ्या खिशात.

मग मी डब्याभोवती गेरूची भुकटी पसरून ठेवली. संध्याकाळी दार उघडंच होतं, आणि भुकटीवर एकही ठसा नव्हता.

शहाण्या माणसानं इथंच थांबायला हवं होतं. मी काय समजलो? मामा भारी सावध आहेत.

मंगळवारी मी रजा टाकली. दुपारी मामा आले आणि मी सरळ विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. १९६२ सालचा मे. गंगापूर तालुक्यातलं एक लहान स्टेशन. ४१७ नंबरचा डबा रिकामा उभा होता. दार लावण्याआधी पत्र्यावर तीनदा हात मारायचा, आत डोकावायचं, मगच बाहेरून कडी घालायची, ही खलाशांची रीत. त्या दिवशी मामांना घरी जायची घाई होती. आणि मुंजाबा नावाचा हमाल आत सावलीला झोपला होता.

“आवाज येत व्हता सर,” मामा म्हणाले. “टक... टक... टक. म्या सोता ऐकला. पन पत्रा तापला की वाजतो, आमाला ते रोजचंच. म्या तसाच घरी गेलो.”

डबा तिसऱ्या दिवशी उघडला गेला. कडी कुणी लावली ते कुणी विचारलं नाही, आणि मामांनी बेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

“तुमच्या या दाराला म्या हात लावला नाय,” ते म्हणाले. “मी येतो तवा ते उघडंच असतं.”

यावर मी जे बोललो त्याची आज लाज वाटते. मी म्हणालो, “गोष्ट बरी रचलीत मामा.” आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

त्यांनी किल्ली दिली. जाताना दारात थांबले.

“कडी लावायचीच असंल, तर आधी आत बघा.”

ते गेले. मी रागारागानं डब्याचं दार लावलं, कडी घातली आणि वर सोल्डरचा थेंब टाकला. बोट भाजलं. आता कशी उघडते बघू, म्हटलं.

आत पाहिलं नाही.

अडीच वाजले होते. मी जिना उतरायला लागलो आणि मागून...

टक.

टक... टक.

“पत्रा तापलाय,” मी मोठ्यानं म्हणालो. खाली येऊन कूलरसमोर झोपलो.

पाच वाजता आवडानं हलवून उठवलं. सांडूमामा गेले, म्हणाली.

मी धावत गेलो. मामांची खोलीही पत्र्याचीच, छत आणि भिंती सगळं. माझ्याकडून जाऊन ते आत आडवे झाले होते. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई शेजारी शेवया करायला गेल्या होत्या. परत आल्या तर...

खोलीला बाहेरून कडी होती.

डॉक्टर ऊन लागलं म्हणाले. द्वारकाबाई रडत नव्हत्या. भिंतीकडे बघत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

“आवाज येत व्हता. मला वाटलं, पत्रा तापला.”

कडी कुणी लावली? त्यांनी नाही. शेजाऱ्यांनी नाही. गल्लीतले लोक द्वारकाबाईंकडं संशयानं बघायला लागले. खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही तसंच पाहिलं.

मग माझं बोट चुरचुरलं. सोल्डरचा चटका अजून लाल होता.

त्याच संध्याकाळी मी वर गेलो. सोल्डर जसाच्या तसा होता. तो तोडला, दार उघडलं आणि पहिल्यांदा आत पाहिलं. डबा रिकामा होता. मी दोन्ही बाजूंची दारं उपटून काढली, नंबर खरवडला. त्यानंतर एकही डबा बनवला नाही. द्वारकाबाई आणखी नऊ वर्षं जगल्या, लोकांच्या नजरा झेलत. त्यांना सोल्डरचं सांगायची हिंमत मला झाली नाही.

आवाज मात्र अजून येतो. दुपारीच येतो. उन्हाळ्यात आवडा म्हणते, पत्रा तापला असेल. मी हो म्हणतो आणि उठून घरातली सगळी दारं उघडून येतो.

सध्या पौष चालू आहे. स्वेटर घालून हे लिहितोय.

काल दुपारी अडीचला वरच्या खोलीतून आवाज आला. आवडानं माझ्याकडे पाहिलं.

पत्रा तापला असेल, असं या वेळी ती म्हणाली नाही.